घरात काय झालंय?

कुपवाडच्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा सुभद्राक्कांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. विहिरीवरच्या मोटारींना तांब्याच्या तारेचे वेढे भरायचं तिथलं काम. अक्का मांडीशी तार घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरात काय झालंय?"

मला रागच आला. मी विश्रामबागेत वाढलेली, मॅट्रिक झालेली. पण वडिलांचं अंग लुळं पडलं नसतं, तर मला त्या पत्र्याच्या शेडमध्ये कोणी पाठवलं असतं? तसं मी सांगितलं. "आसंच आसतंय," असं म्हणून अक्का सरकल्या आणि मला शेजारी जागा करून दिली.

प्रत्येक नव्या मुलीला त्या हेच विचारत, आणि प्रत्येकीकडे उत्तर असेच. कुणाचा बाप गेलेला, कुणाला नवऱ्याने टाकलेलं, कुणाचं रान दुष्काळात पडीक राहिलेलं. अक्का स्वतः दुष्काळात खडी फोडायला म्हणून पहिल्यांदा घराबाहेर पडल्या आणि तिथून इथे आल्या. एकदा मालक पाहुण्यांना घेऊन आले आणि आमच्याकडे हात करून म्हणाले, "बघा, किती मुली कामाला लागल्या! जिल्ह्याची प्रगतीच म्हणायची." त्यांची पाठ वळली तशा अक्का पुटपुटल्या, "ह्येंची परगती, आन् आमच्या चुली गार!" आम्ही तोंडाला पदर लावून हसलो.

खरं म्हणजे अक्कांचा त्या कामावर फार जीव. बोटं सोलवटायची, तरी त्यांनी भरलेली मोटर कधी परत आली नाही. "कामाला लागल्यापासनं सासू मला पयली भाकरी वाढती," हे त्या इतक्यांदा सांगत, की आम्ही त्यांना 'पहिली भाकरी' म्हणूनच चिडवायचो. त्या नुसत्या हसायच्या.

मग त्यांच्या विहिरीला पाणी लागलं. सासऱ्यांनी मोटर बसवली, ऊस लावला. पहिला ऊस साखर कारखान्याला गेला आणि म्हाताऱ्याने फर्मान काढलं, "बागायतदाराची सून दुसऱ्याच्या दारात राबत न्हाई." आयुष्यभर ज्या मोटारी भरल्या, तसल्याच एका मोटारीने अक्कांना घरी बसवलं. गाव म्हणालं, बाईचं नशीब उघडलं.

संक्रांतीला मी त्यांच्या गावी गेले. ओसरीवर पोत्यांची थप्पी लागली होती. सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत अक्का चुलीपुढून उठल्या नाहीत. शेवटी त्यांच्या ताटात आली ती करपलेली भाकरी. मला वेशीपर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मला परत यायचं हाय गं. घरात ढीगभर काम हाय, पर त्येला काम कोण म्हंतंय?"

"मग मामंजींना सांगा ना."

"घरात कायतरी झाल्याबिगर सुनंला कोण सोडतंय, पोरी?"

त्या पावसाळ्यात त्यांचे यजमान ओल्या हाताने मोटर चालू करायला गेले आणि विजेचा धक्का बसून जागच्या जागी गेले. विहीर होती, ऊस होता, पण आता ते सगळं दिरांचं होतं. वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तोच म्हातारा म्हणाला, "बसून कुठवर खाशील? त्या शेडमदी जाऊन इचार."

अक्का आल्या. कपाळ मोकळं होतं, हात उघडे होते. मी सरकून जागा केली. आमच्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो तर त्यांचाच होता. त्यांनी तार उचलली, वेढे घालायला सुरुवात केली आणि खाली मानेनेच म्हणाल्या, "इचारा की गं."

कुणी विचारलं नाही.

"मला यायचं हुतं," त्या म्हणाल्या. "लय यायचं हुतं. पर आसं न्हवतं मागितलं."

त्या पुढे बरीच वर्षं आमच्याबरोबर होत्या. हात तसाच चालायचा. मुली येतच राहिल्या, पूर्वीपेक्षा जास्तच. मालक पाहुण्यांना दाखवतच राहिले. पण नवी मुलगी दारात आली, की अक्का सरकून जागा करत आणि तिला फक्त नाव विचारत.