आक्कासाठी ठेवलेली पेटी

आमच्या घरी साड्यांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, एक काळी पेटी आहे. पुठ्ठ्याचीच, पण पत्र्यासारखी कडक, आणि झाकणावर उठावाचा सोनेरी ड्रॅगन. आत एका जादूच्या सिनेमाच्या डिस्का, एक जाड पुस्तक आणि कापडावर छापलेला त्या सिनेमातल्या राज्याचा नकाशा. संग्रह करणाऱ्या वेड्यांसाठी काढलेली खास आवृत्ती. थिएटरात दाखवला होता त्याहून लांब सिनेमा, कापलेले सगळे प्रसंग परत जोडलेला. ही पेटी मी माझ्या आक्कासाठी न उघडता ठेवली होती. आक्काला आता दिसत नाही. सांगायचं खरं तर एवढंच आहे, पण एवढं सांगून माझं मन काही हलकं होत नाही.

आम्ही बेळगावातल्या वडगावच्या विणकरांच्या घरातल्या. आप्पा मागावर साड्या विणायचे, आई त्यांच्या हाताखाली. घरात रोज साड्या तयार व्हायच्या आणि सगळ्या दुकानात जायच्या. आमच्या अंगावर नवी साडी यायची ती कधीतरी सणाला. आणि ती आली की आमच्यात एक रीत होती, अजून आहे. नवी साडी आपण पहिल्यांदा नेसायची नाही. जिच्यावर आपला जीव आहे तिला आधी नेसायला द्यायची. तिनं घडी मोडायची, मग आपण नेसायची. माझ्या साड्यांची घडी आक्का मोडायची आणि तिच्या साड्यांची मी. आई म्हणायची, ह्या दोघींच्या साड्या कुणाच्या कुठल्या ते देवालाच ठाऊक.

जादूच्या सिनेमांचं वेड आक्कानंच लावलं. गणपतीत गल्लीत भाड्याचा टीव्ही आणि व्हिडिओ आणायचे. हाणामारीचे सिनेमे बघून झाले की दुकानदारानं वर फुकट दिलेली एखादी इंग्रजी कॅसेट उरायची. ती लागली की मोठी माणसं उठून जायची, कारण इंग्रजी कुणाला कळतंय? आम्ही दोघी मात्र पोत्यावर बसून राहायचो. आक्का शाळा सोडून घरी कांड्या भरत होती, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत गुंडाळत होती. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. पण पडद्यावर कुणी तोंड उघडलं की ती इकडं त्याच्या तोंडचं बोलायची, अस्सल वडगावच्या भाषेत. जादूगार राजाला म्हणायचा, "व्हय रं, कर भरून भरून लोकं मेली, तुला न्हाय का काय त्याचं?" मला खरी गोष्ट कळलीच नाही कधी, आणि गरजही वाटली नाही.

त्यातलाच हा सिनेमा. त्यात किल्ल्याचा एक जाडा दरवान होता. राजाची स्वारी आली की मोठी तुतारी वाजायची, दरवान दचकून मुजरा करायला वाकायचा आणि त्याचं शिरस्त्राण समोरच्या जेवणाच्या वाडग्यात पडायचं. आक्का त्याच्या वतीनं ओरडायची, "आयला, माझी आमटी!" आम्ही हसून हसून लोळायचो. पुढं कितीतरी वर्षं आमच्या घरात कुणी दचकलं की दुसरी म्हणायची, "पडलं टोपडं आमटीत."

मी शिकले, शिक्षिका झाले, बेळगावातच हिंडलग्याच्या बाजूला घर झालं. शाळेत 'मी येते, मी जाते' म्हणायला शिकले. आक्का आमच्याकडच्या बायकांसारखी 'मी येतो, मी जातो'च म्हणत राहिली. तिला निपाणीला दिलं, तंबाखूच्या वखारीच्या घरात. पगार व्हायला लागल्यावर मी एकेक करून जादूच्या सिनेमांच्या खास आवृत्त्या गोळा करायला लागले. आमचे हे म्हणायचे, बायका सोनं जमवतात, आमच्याकडं राक्षस जमतात. म्हणू देत. ह्यांनी आयुष्यात पोस्टाची तिकिटंसुद्धा जमवली नाहीत, ह्यांना काय कळणार.

प्रत्येक नव्या पेटीवरचं प्लास्टिक आक्कानंच फाडायचं, हे कधी ठरलं ते आठवत नाही. साडीचंच झालं असणार. ती आली की मी न उघडलेल्या पेट्या तिच्या पुढ्यात ठेवायची. सुतावर घासून तिच्या अंगठ्याचं नख कडक झालं होतं. ती त्या नखानं कडेवर एक रेघ ओढायची आणि प्लास्टिक कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघून यायचं. मग आम्ही भर दुपारी पडदे ओढून बसायचो. मला आता इंग्रजी येत होतं, खालची अक्षरं वाचता येत होती. तरी मी गप्प बसायची आणि आक्काच बोलायची.

ही काळी पेटी आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीनं परदेशातून बॅगेत घालून आणली. आमचाच दरवानाचा सिनेमा, आणि लांब. मी लगेच फोन केला. आक्का म्हणाली, "उघडू नगं हं. घडी मी मोडणार. दिवाळीला येतो."

दिवाळीला तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि पुढं गेल्याही. मग वखारीत पानं आली, त्या दिवसांत त्या घरातल्या बाईला मान वर करायला सवड नसते. मग एकदा ती पिशवी भरून स्टँडवर आली, तर सीमाप्रश्नावरून काहीतरी पेटलं होतं, गाड्यांवर दगड पडले होते, एसटी बंद. ती तशीच परत गेली. फोनवर मीच चिडून बोलले, की महाराष्ट्रानं नेलं काय नि कर्नाटकानं ठेवलं काय, माझ्या बहिणीला निपाणीहून बेळगावला येता येत नाही. मग कोरोना आला. दर खेपेला मी पेटी पुसायची, शेजारच्या साड्यांत नवी डांबरगोळी टाकायची आणि कपाट लावायची.

तुम्ही विचाराल, पेटी घेऊन तूच निपाणीला का गेली नाहीस? पेटीच काय, पाटावरवंटासुद्धा उचलून नेला असता. पण तिच्या घरी तिला बसायला मिळत नाही हो. दर दहा मिनिटांनी कुणाला तरी चहा लागतो, कुणाला तरी औषध. सिनेमा बसून बघायचा तर माहेरीच, आणि आई-आप्पा गेल्यावर तिचं माहेर म्हणजे माझं घर. नुसता सिनेमा दाखवायचा नव्हता मला. तिला बसवायचं होतं.

मधल्या काळात तिला साखर झाली होती. डोळ्यांत धुरकट दिसतंय म्हणायची. दाजी तिला कोल्हापूरला दाखवून आणायचे, डोळ्यांत इंजेक्शन देत होते म्हणे. मी विचारलं की म्हणायची, "नंबर वाढलाय गं चष्म्याचा, दुसरं काय न्हाय." मी शाळेत पोरांच्या डोळ्यांवरून त्यांचं खोटं पकडते, पण फोनवर मला डोळे दिसत नव्हते. तिचे डोळे चालले आहेत एवढं मनात कुठंतरी कळत होतं. म्हणूनच मी घाई करत होते. ये गं, ये गं, असं म्हणत होते. किती गेलेत, हे मात्र मला माहीत नव्हतं.

शेवटी एकदा ती आली. दाजी दारात सोडून बाजारात गेले. उंबऱ्याशी तिनं चौकटीला हात लावला, मला वाटलं पाया पडतेय घराच्या. चष्मा नव्हता. म्हणाली, "मोतीबिंदू हाय, काढला की झालं." मला पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं.

मी पेटी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं आधी तिचा वास घेतला. मग ड्रॅगनवरून हळूहळू बोटं फिरवली, शेपटीपासून तोंडापर्यंत. "लई नक्षी केलीया की गं." मग अंगठ्यानं कडा शोधली, नख ओढलं. पहिल्यांदा घसरलं, दुसऱ्यांदाही घसरलं, मग प्लास्टिक फाटलं. मी तिच्या हातात कापडाचा नकाशा दिला. तिनं तो दोन बोटांत चोळला आणि तोंड वाकडं केलं. "सूत न्हवं हे. येवढी डौलाची पेटी आणि आत असलं कापूड?" मी हसले. नकाशात डोंगर कुठं, नदी कुठं, हे तिनं विचारलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी पडदे ओढले, सिनेमा लावला. आक्का माझ्याशेजारी सोफ्यावर मांडी घालून बसली, तोंड बरोबर पडद्याकडं. जादूगार बोलायला लागला तशी ती पुटपुटायला लागली, "व्हय रं, कर भरून भरून..." सगळं पहिल्यासारखं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी तिच्याकडं बघायचं सोडून सिनेमा बघायला लागले.

मग तुतारी वाजली.

आक्का खळखळून हसली. "पडलं बघ टोपडं आमटीत," म्हणून तिनं माझ्या मांडीवर थाप मारली.

पडद्यावर दरवान नव्हता. लांबवलेल्या सिनेमात तुतारीनंतर एक नवा प्रसंग घातला होता. राणी एकटी, उघड्या माळावर, तिच्या लहान पोराच्या थडग्यापाशी बसलेली. तोंडातून शब्द नाही, मागं वाद्य नाही, नुसता चेहरा. दरवान त्यानंतर येणार होता. राणी थडग्यावरची माती सारखी करत होती आणि माझी आक्का हसत होती.

मी रिमोट खटकन दाबून सिनेमा थांबवला.

"काय गं, बंद केलास?" ती म्हणाली.

"आक्का, आत्ता पडद्यावर काय आहे?"

तिनं कान पडद्याकडं केला. मग म्हणाली, "दरवाजावाला हाय की. तुतारी झाली न्हवं?"

मी तिच्याकडं वळले. ते तिला कळलं. तिनं मांडी सोडली आणि पाय खाली घेतले. "उजेड कळतोय," ती म्हणाली. "माणूस हललं तर कळतंय. तोंड कळत न्हाय. तुजंबी न्हाय."

"कधीपासून?"

"झालं की. सासूबाई गेल्या त्या टायमाला."

म्हणजे कितीतरी आधी. कपाटात मी डांबरगोळ्या बदलत होते तेव्हा. मला इतका राग आला, तिचा, दाजींचा, त्या वखारीचा, त्या सासूचा, दगड मारणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त त्या पेटीचा. मी म्हटलं, "सांगायचंस तरी. आधी सांगितलं असतंस तर मी..." मी काय करणार होते?

"सांगितलं असतं तर तू पेटी लपवून ठिवली असतीस आणि माझ्यापुढं रडत बसली असतीस," आक्का म्हणाली. "मला हितं यायचं होतं. तुज्यासंगं बसायचं होतं. लाव परत. माझं काय, ऐकतो मी."

मी परत लावला. म्हटलं, आता मी तुला सांगते. "एक राणी आहे. ती आपल्या मुलाच्या थडग्याजवळ बसली आहे. तिला अतिशय दुःख झाले आहे." माझं मलाच ऐकवेना. पाचवीच्या वर्गात धडा वाचावा तसं येत होतं तोंडातून. इतकी वर्षं मी इंग्रजी वाचत होते, पण बोलत आक्का होती. तिला जे डोळ्यांनी दिसायचं ते तिच्या तोंडात उतरायचं. माझ्या तोंडात नुसती अक्षरं.

"शाळंत शिकवतीस तसं नगं गं सांगू," ती म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. "राणी काय बोलत न्हाय का?"

"नाही."

"मग तूबी नगं बोलू."

आम्ही दोघी बसून राहिलो. पुढं दरवान आला, त्याचं शिरस्त्राण वाडग्यात पडलं. पडल्याचा आवाज झाला. आम्ही कुणीच हसलो नाही. थोड्या वेळानं बाहेर दाजींनी हॉर्न वाजवला. सिनेमा अर्धाही झाला नव्हता.

जाताना तिनं पेटी चाचपून माझ्याकडं सरकवली. "घडी मी मोडली की गं. आता तू नेस."

ती गेली. मी डिस्क काढली, नकाशा होता तसा घडीवर घडी घालून ठेवला, फाटलेलं प्लास्टिकसुद्धा टाकवेना म्हणून आत कोंबलं. उरलेला सिनेमा मी बघितलेला नाही. ह्या लांब सिनेमात राणीचं पुढं काय होतं ते मला माहीत नाही. दोनदा काढून बसले. तुतारीपर्यंत येते आणि शेजारची रिकामी जागा दिसते, मग बंद करते. साडी कपाटात कितीही वर्षं राहू दे, तिला काही होत नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. डोळे कपाटात ठेवता येत नाहीत, हे कुणी शिकवलं नाही.

आक्काचा फोन दर रविवारी येतो. सगळ्यांची चौकशी झाली की शेवटी हमखास विचारते, "बघितलास का गं सिनेमा?"

परवाही विचारलं. मी म्हटलं, "नाही गं अजून. ठेवलाय."

मागं तिच्या घरी कुणीतरी चहा मागत होतं, आणि ती उठत नव्हती. मग हळूच म्हणाली, "आता कुणासाठी ठेवलायस गं?"

मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली बघ, नंतर करते. कुकर लावलेलाच नव्हता.