माझ्या नावाने गेलेला मेल

चाकणच्या आमच्या कारखान्यात मेलचा सर्व्हर सांभाळणाऱ्या त्या माणसाला मी कधी खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. चहासुद्धा तो फेऱ्या मारत प्यायचा आणि दुसऱ्या हाताने खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत राहायचा. डिस्पॅचच्या माझ्या टेबलापाशी आला की त्याचं एकच पालुपद असायचं.

"भाऊ, आपल्या सर्व्हरवरून मेल पाठवायला पासवर्डच लागत नाही राव. इथला कुणीही कुणाच्याही नावाने पाठवू शकतो. साहेब म्हणतात, आपलीच माणसं आहेत. मला झोप लागत नाही."

"माझ्या नावाने कोण कशाला पाठवेल?" एकदा मी हसून म्हणालो.

"मी पाठवू? साहेबांनाच पाठवतो, म्हणजे दोघांनाही पटेल."

उभ्या उभ्याच त्याने स्वतःच्या फोनवरून माझ्या नावाने साहेबांना राजीनामा पाठवला. या डिस्पॅचमध्ये माझे केस पिकले होते. साहेब धावत येणार, याची आम्हा दोघांनाही खात्री होती.

साहेब आले नाहीत. थोड्या वेळाने माझ्या मेलवर त्यांचं उत्तर आलं, "मंजूर."

किल्ल्यांचा आवाज थांबला. तो केबिनमध्ये जाऊन सगळं कबूल करून आला. त्याच संध्याकाळी प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. साहेब मला म्हणाले, "चेष्टा आहे हे कळलं होतं मला."

आता माझ्या नावाने मेल फक्त मलाच पाठवता येतो. तो अजूनही येतो, पण किल्ल्या टेबलावर ठेवून माझ्यासमोर दुखवट्याला आल्यासारखा खुर्चीत बसतो. त्याचं ते बसणं मला सहन होत नाही.