रद्द केलेल्या गोळ्या

गुणवंतराव खिरवडकरांचा कुठल्याही बिघाडावर पहिला उपाय म्हणजे थापड. घमापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात ते औषधाच्या खिडकीमागे बसतात. कॉम्प्युटर अडकला की त्याच्या कानाखाली एक देतात, पंखा थांबला तर त्याला काठीने ढोसतात, आणि शटर तर लाथ खाल्ल्याशिवाय उघडतच नाही. माणसावर मात्र या गृहस्थाने उभ्या जन्मात हात उचललेला नाही. घरात झुरळ निघालं तरी ते खुर्चीवर चढून बायकोला हाक मारतात.

आता दवाखान्यातली नवी पद्धत अशी, की दिलेलं प्रत्येक औषध पेशंटच्या नावावर कॉम्प्युटरमध्ये चढतं. मधेच मशीन अडकलं, तर ती नोंद रद्द करायची, शेजारच्या चौकटीत कारण लिहायचं आणि नोंद पुन्हा करायची. रद्द केलेली नोंद पुसली जात नाही, लाल होऊन तिथंच राहते. औषध दिलंच नव्हतं, की औषध गेलं आणि फक्त नोंद फसली, हे त्या कारणावरूनच कळतं. पण बाहेर रांग शिव्या देत असताना कारणं कोण लिहिणार? गुणवंतराव चौकटीत एक टिंब ठोकत. मशीनचं त्यावर समाधान होई.

अधारतालच्या विनीतावहिनी सासऱ्यांच्या साखर उतरवायच्या गोळ्या न्यायला आल्या, तेव्हाही तेच झालं. गोळ्या हातात दिल्या आणि मशीन अडकलं. थापड, रद्द, टिंब. नोंद पुन्हा करणार, तोच रांगेतल्या दोघांनी नंबरावरून एकमेकांची कॉलर धरली, एकाचं डोकं दुसऱ्याच्या नाकावर आदळलं, आणि ते सोडवण्याच्या नादात नोंद राहिली ती राहिलीच. दुसऱ्या दिवशी वहिनींचे यजमान आलोक त्याच गोळ्या मागायला आले. गुणवंतरावांनी पडद्यावर लाल ओळ पाहिली. रद्द, म्हणजे दिल्या नसतील. दिल्या पुन्हा.

नवराबायकोने एकमेकांना विचारायला काय हरकत होती? हरकत होती. कूलर कुठल्या खिडकीला लावायचा, यावरून त्या घरात बोलणं बंद होतं. बापू, म्हणजे आलोकचे वडील, तोफा बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, इतके मवाळ की कुत्र्यालाही ‘जरा सरकता का’ म्हणतील. गोळ्या संपल्याचं त्यांनी मुलाला वेगळं सांगितलं आणि सुनेला वेगळं. मग रोज सकाळी सून चहाबरोबर गोळी देई आणि मुलगा आंघोळीनंतर.

आठवडा उलटायच्या आत एका दुपारी बापू उठले आणि त्यांनी काठीने तो कूलर फोडला. अडवायला गेलेल्या आलोकचं कपाळ फोडलं. धरायला आलेल्या शेजाऱ्याच्या दंडाला चावले, ते असे, की त्याला टाके पडले. तोंडाने कारखान्यातल्या जुन्या फोरमनला शिव्या चालू. साखर फार उतरली की शांत माणूसही असा बिथरतो, हे घरात कोणाला माहीत? त्यांना चादरीने बांधून, ऑटोत घालून याच दवाखान्यात आणलं.

वरच्या मजल्यावर डॉक्टर प्रणोतीने बोटातून रक्त काढलं आणि लगेच ग्लुकोजची बाटली लावली. थोड्या वेळात बापूंनी डोळे उघडले. मुलाचं रक्ताळलेलं कपाळ पाहून त्यांनी फार काळजीने विचारलं, “कोणी मारलं रे तुला?”

डॉक्टरने कॉम्प्युटर पाहिला. गोळ्या एकदाच दिलेल्या, मात्रा बरोबर. “जेवले नसतील. जरा बसवा, खाऊ घाला आणि संध्याकाळी घरी न्या.”

पण आलोकने निकाल आधीच लावला होता: चूक औषधाच्या खिडकीची. ग्लुकोजची बाटली टांगायचा रिकामा लोखंडी दांडा उचलून तो खाली खिडकीवर आला. मी रांगेत होतो. पहिल्या फटक्यात काच रांगेच्या अंगावर आली. दुसऱ्यात कॉम्प्युटरचा पडदा गेला. मग त्याने गुणवंतरावांना गळपट्टीला धरून कमरेपर्यंत खिडकीबाहेर ओढलं. अर्धे आत, अर्धे बाहेर, पोटाखाली काचा.

“काहून मारून राहिला बे?” गुणवंतराव ओरडले.

“गलत दवाई देतो? बाप को पागल कर दिया मेरे!” आणि आलोकने खिशातलं गोळ्यांचं पाकीट त्यांच्या तोंडावर आपटलं. पाठोपाठ गुद्दा. गुणवंतरावांचा एक दात रांगेत पुढे येऊन पडला.

विनीतावहिनी धावत आल्या. “सोडा त्यांना. गोळी बरोबर आहे. मीच रोज देऊन राहिली.” त्यांनी पर्समधून पाकीट काढून दाखवलं.

“तू? रोज मी देतो.”

कूलरनंतरचं त्यांचं हे पहिलं संभाषण. दोघं एकमेकांच्या पाकिटाकडे पाहत राहिले. गुणवंतरावही खिडकीत लटकून पाहत होते, आणि त्यांना सगळं कळलं. आता गप्प बसणं सोपं होतं. नवराबायको एकमेकांवर तुटून पडले असते आणि हे अलगद आत सरकले असते. पण वर बापूंना थोड्याच वेळात घरी सोडणार होते. दुप्पट गोळी पोटात असली की साखर पुन्हा उतरते, आणि झोपेत उतरली तर माणूस काठी उचलायलाही उठत नाही.

“दोन्ही वेळा मीच दिल्या,” गुणवंतराव म्हणाले. “पहिली नोंद रद्द केली, पण गोळ्या गेल्या होत्या.”

आलोकचा हात पुन्हा उठला.

“आधी डॉक्टरणीला सांगू दे, भैया. मग मार.”

तोंडातून रक्त गळत असताना ते जिना चढले. मागे आलोक, हातात दांडा. प्रणोतीने घरी सोडायचा कागद भरलाच होता.

“पण इथं रद्द दिसतंय.”

“रद्द नोंद झाली, बाई. गोळ्या पोटात आहेत. रोज दोन.”

तिने कागद फाडला. बापूंना विचारलं, “दोनदा का घेत होता?”

बापू संकोचले. “एकाची घेतली आणि दुसऱ्याची नाही, तर उगाच पक्षपात वाटला असता.”

दिवेलागणीला साखर खरंच पुन्हा कोसळली. बापूंनी नर्सच्या पोटात लाथ घातली, सुई उपटली, भिंतीवर रक्त उडालं. आलोक पायांवर बसला, विनीतावहिनी हातांवर, आणि दोघं “तिकडून धर”, “अगं, मान सांभाळ” करत लढत होते. बाहेर बाकावर गुणवंतराव रुमाल तोंडाला लावून बसून होते. घरी जा म्हटलं तर मानेनेच नाही म्हणाले.

दार उघडून आलोक बाहेर आला. शर्ट फाटलेला, गालावर बापूंची नखं. गुणवंतरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले.

“चढली शुगर,” आलोक म्हणाला आणि त्यांच्या दंडाला धरलं. “चलो काका, खाली. टाके घालून घेऊ तुम्हाला.”