आप्पांच्या गाडीत कोण कोण बसलं

आप्पांच्या जीपची चावी मी कधी त्यांच्या खिशात पाहिली नाही. ती कायम गाडीलाच. जेवायला जाऊ देत नाहीतर कुणाच्या लग्नाला, चावी आपली जागच्या जागी लोंबत असायची. कुणी टोकलं तर म्हणायचे, "गाडी मी एकटा थोडाच हाकतो? सगळा स्टँड हाकतो."

ते खरंही होतं. नव्वदच्या दशकात जुन्नरच्या स्टँडवर भाड्याच्या जीपा नंबरानं लागायच्या. पुढची भरून निघाली की मागच्या सगळ्या एकेक जागा पुढे घ्यायच्या, आणि ड्रायव्हर टपरीवर असला तर जो जवळ असेल त्याने घ्यायची. बहुतेक वेळा हे काम गाड्या पुसणारी पोरं करायची. क्लच दाबायला सीटच्या टोकाशी यावं लागायचं त्यांना, पण गाडी लावायची अशी की दोन गाड्यांत हात जाऊ नये.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आमचा फाटा घाटघरच्या रस्त्यावर. तिथून कॉलेजची सगळी वर्षं मी आप्पांच्याच जीपने गेले. मागे माणसं कोंबलेली, पण पुढची खिडकीची जागा कॉलेजच्या मुलींची. तिथे बसलेल्या एका पुढाऱ्याला त्यांनी उठवून मागे धाडलं होतं. "साहेब, तुमचं शिकून झालंय," एवढंच म्हणाले. माझ्या पदवीचा पहिला पेढा मी त्यांना दिला, घरच्यांच्याही आधी.

रस्त्यात कुणी हात केला की आप्पा थांबायचेच. जागा नसली तर थांबून तसं सांगायचे. "हात करतो म्हंजी त्या माणसाला आपल्याबिगर दुसरं काय दिसत न्हाई रस्त्याला."

एका दुपारी त्यांची जीप नंबरात दुसरी होती. पहिली निघाली. गाड्या पुसणारा सोमा, असेल तेरा-चौदा वर्षांचा, आप्पांच्या जीपमध्ये चढला आणि त्याने ती पुढे घेतली. ती पुढे जातच राहिली. सगळा स्टँड बघत होता. एका ड्रायव्हरने तर हातवारे करून त्याला गाडी वळवून दिली, "येऊ दे, येऊ दे, सोड आता." गाडी चोरीला गेली हे कळायला सगळ्यांचा चहा संपावा लागला.

मी तेव्हा फाट्यावर गिरणीतून दळण घेऊन उभी होते. आप्पांची जीप आली, रोजच्यासारखी थांबली. मागून माणसं उतरली, त्यात माझे चुलते तात्याही होते. आणि स्टिअरिंगमागे सोमा, नाक जेमतेम काचेच्या वर. वाटेत हात करणाऱ्या प्रत्येकाला त्याने घेतलं होतं, आणि ही लेकराबाळांची माणसं त्या पोराच्या हाती जीव देऊन वळणावळणाच्या रस्त्याने आली होती. आतली एक म्हातारी तर कौतुक करत होती, "बारका हाय, पर ब्रेक लई बेतानं मारतो."

उतरलेल्यांना संशय आला तो तात्यांनी भाडं पुढे केलं आणि पोराने घेतलं नाही तेव्हा. तेवढ्यात मागून दुसरी जीप आली, तीत चार-पाच ड्रायव्हर आणि आप्पा. "चोर हाय त्यो," कुणीतरी ओरडलं, आणि पहिली थप्पड मारली ती आमच्या तात्यांनी. मग उतरलेले सगळेच तुटून पडले. ज्याने त्यांना आत्ता इथवर आणलं, त्याच्यावर. आप्पांनी घुसून पोराला बाहेर ओढलं आणि पाठीशी घेतलं.

"कुठं चालला व्हतास रं?"

"आयकडं. घाटघरला."

"मग माणसं कशापायी घेतली?"

सोमाच्या ओठातून रक्त येत होतं. "हात केला त्यांनी," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. आप्पा हसले नाहीत. कुणी कानाखाली मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. ते तात्यांकडे वळले. "भाऊ, तुमी बसला तवा डायव्हर कोण व्हता?"

"आमी कशाला बघतोय? गाडी वळखीची, बसलो."

ड्रायव्हर चिडले होते. त्यांच्या गाड्यांतल्या टेप, स्टेपन्या पोरांनी आधीच पळवल्या होत्या, तेव्हा त्यांचंही चूक नव्हतं. "आप्पा, आज ह्याला सोडला तर उद्या आमच्या गाड्या जातील. ठाण्यात द्यायचा."

"देऊ की. तक्रार मीच देतो. चावी गाडीला व्हती हे बी सांगतो. पर जे जे बसलं व्हतं त्यांनी संगं यायचं. गाडी कोण चालवत व्हतं आन् तरी आमी का बसलो, ते सांगाया."

फाटा रिकामा व्हायला लागला. कुणाच्या म्हशीची धार राहिली होती, कुणाची मोटर चालू होती. तात्या म्हणाले, "मी तर इथंच उभा व्हतो. हिला इचारा."

"तुम्ही मागच्या दारातून उतरलात, तात्या," मी म्हणाले. पुढे कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

"कुणी बसलंच न्हाई तर गाडी गेलीच न्हाई," आप्पा म्हणाले. सोमाला खिडकीच्या जागेवर बसवून ते घाटघरकडे निघाले. म्हातारीला तिकडेच जायचं होतं. गोंधळात उतरलेली ती पुन्हा मागे चढली.

ड्रायव्हरांनी आप्पांना माफ केलं नाही. स्टँडवरचा त्यांचा नंबर बंद झाला. मग आप्पा गावाबाहेर उभे राहून मिळेल ते शीट, मिळेल तो प्रवासी घ्यायचे. सोमाही काही सुधारला नाही, पुढे त्याने आप्पांचं घड्याळ नेलं. मी विचारलं तर म्हणाले, "नेलं. पर गाडी न्हाई नेली."

दोन हजारनंतर काही वर्षांनी आप्पा गेले. दशक्रियेला नदीकाठी आपल्याकडे होतात तशी भाषणं झाली. पुढाऱ्यांनी त्यांना मनमिळाऊ म्हटलं, कष्टाळू म्हटलं. जीपबद्दल कुणी बोललं नाही. माइक आवरायच्या वेळी मागून तात्या उठले. चार माणसांत कधी तोंड न उघडणारा माणूस.

"मी त्या गाडीत बसलो व्हतो," ते म्हणाले. "पोरगं चालवत व्हतं. दिसत व्हतं मला."

आणि खाली बसले. पुढारी एकमेकांकडे बघायला लागले. ड्रायव्हर मंडळींनी माना खाली घातल्या. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "कोण गं हे?"

"माझे चुलते," मी म्हणाले.