दुसऱ्यांची बाथरूमं, आमची न्हाणी

टाइलच्या कामात तुकडे उरतातच. कोपऱ्याचा एक, दाराखालचा एक, पाइपासाठी गोल कापलेला एक. फेकवत नाहीत, कुठे लागत नाहीत आणि एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. माझ्या अंगणात असा एक ढीग आहे. दुसरा डोक्यात आहे, फक्त तिथे टाइलऐवजी किस्से पडलेत.

मी दारव्ह्याचा मिस्त्री. पाचवीपर्यंत शाळेत गेलो आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेची भिंत बांधायला गेलो. शाळेला माझा उपयोग झाला तो तेव्हाच. उमेदीत घरं बांधली, आता वय झालं तर लोकांची बाथरूमं तोडून नवी करून देतो. सोबत दोघं: प्लंबर करीमभाई आणि टाइल बसवणारा उत्तम. तिघांत कामाची वाटणी पक्की आहे. एकानं चूक करायची, दुसऱ्यानं ती झाकायची, तिसऱ्यानं हसायचं. तिसरा मी.

अन् आमच्याच घरी बाथरूम नव्हतं! अंगणात बांबूच्या तट्ट्यांची न्हाणी, वर आभाळ, खाली बसायला काळा दगड. गेल्या पावसाळ्यात त्या दगडावरून कमल, म्हणजे आमची घरवाली, घसरली. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, यावेळी हातावर निभावलं, पुढच्या वेळी खुबा जाईल आणि या वयात खुबा गेला की बाई अंथरुणातून उठायची नाही. घरात बाथरूम करून घ्या.

मी घरी आल्या आल्या मोजायची टेप काढली. कमल गळ्यात हात अडकवून म्हणाली, "गावभर बाथरूम बिघडवले तुमी. मी नाई जात त्या डब्यात. प्लास्टर निघालं का मी आपली माह्या दगडावर."

म्हणजे माझ्या हाती प्लास्टर निघेपर्यंतचे दिवस. रोज दुपारी ती बाजेवर पडून हुकूम सोडायची, मी खाली बसून वांगी चिरायचो, आणि आम्ही तिघांनी कुठंकुठं काय बिघडवलं ते एकेक कबूल करायचो. हेतू असा, की तिची खात्री पटावी, आपल्या घरी यातलं काही होणार नाही. कापूस फुटू लागलेल्या वावरांवरून वारा येई, दोघांनाही पेंग लागे, आणि किस्सा कुठं संपला अन् स्वप्न कुठं लागलं ते कळत नसे.

*

पहिला गुन्हा माझाच होता.

एका रिटायर गुरुजींचं बाथरूम चाललं होतं. उत्तम उतार तपासायला खिशात लोखंडी गोळी ठेवतो, सायकलच्या बेअरिंगमधली. टाइलवर ठेवायची, गोळी जाळीकडे गेली तर पाणीही जाईल. त्या दिवशी मी जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन उंबऱ्याबाहेर पोत्याआड बसलो. उत्तमनं दाराजवळ गोळी ठेवली. गोळी क्षणभर थांबली आणि निघाली दाराकडे.

उत्तमनं पुन्हा ठेवली. पुन्हा दाराकडे. घाम पुसत त्यानं दाराजवळच्या चार टाइल्स काढल्या आणि तिकडची बाजू उचलून बसवल्या. मी गंमत सांगणारच होतो, पण चहा आला. चहात बिस्कीट बुडवून खायला लागलो की मला जगाचा विसर पडतो. आठवलं ते दोन दिवसांनी, सिमेंट धरल्यावर.

त्या दिवसापासून गुरुजींच्या आंघोळीचं पाणी मधेच साचतं, मग ठरवल्यासारखं उजवीकडून वळसा घेतं आणि त्यांच्या पायाशी येतं. गुरुजी मात्र तक्रार करत नाहीत. म्हणाले, "आयुष्यभर पोरं मले पाहून पळाली. एवढं पाणी तरी जवळ येते."

कमलनं किस्सा ऐकला आणि डोळे न उघडता म्हणाली, "टाइल पक्की करायच्या आधी बादलीभर पाणी ओतून पाहावं, एवढंही सुचलं नाई तीन जणांले?"

तीन जणांना नव्हतं सुचलं. आता ओततो.

*

करीमभाईंचा किस्सा नळाचा आहे. दुकानातल्या चित्रात नळ जेवढा खाली होता, तेवढाच खाली त्यांनी एका शेतकऱ्याच्या घरी बसवला. चित्रात बादली नव्हती. घरात होती, आणि ती नळाखाली जाईना.

भिंत पुन्हा फोडायची तर नव्या टाइल्स जातात. त्या घरच्या मालकानं मग डोकं चालवलं. करवत घेतली आणि बादलीचाच वरचा काठ कापून टाकला. बादली नळाखाली गेली, पण काठासोबत कडीही गेली. त्या घरात आजही भरलेली बादली तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरून नेतात.

तेव्हापासून करीमभाई कानाला खडा लावून आहेत. कुठंही नळाची खूण करायची असली की स्कूटीला आपली मोठी निळी बादली अडकवून जातात. भिंतीशी ठेवतात, वर चार बोटं जागा सोडतात, मग पेन्सिल लावतात. एकदा गावाबाहेरच्या नव्या वस्तीत गेले. दार उघडणाऱ्या बाईंनी बादली पाहिली, यांच्या तोंडावरची धूळ पाहिली. त्यांना वाटलं, बिचाऱ्याच्या घरचं पाणी गेलं असेल. बाईंनी काही न विचारता जुन्या बाथरूमचा दिवा लावला, टॉवेल दिला, नवी साबणाची वडी फोडली.

आता एवढ्या मायेनं दिलेला साबण परत कसा करायचा? करीमभाई आंघोळ करून आले. नळाची खूण दुसऱ्या दिवशी केली.

हे ऐकून कमल इतकी हसली की प्लास्टरचा हात धरून बसली. मला वाटलं, जमलं. विचारलं, मग करू सुरुवात? म्हणाली, "करीमभाईच्या घरी करा."

*

एक छोटासा. एकानं दार आत उघडणारं लावून घेतलं, त्याच्यामागेच कमोड. आत गेल्यावर आधी बसावं लागे, मग पाय वर घेतले की दार लागे. पाहुणे यायचे, कडीशी झटायचे आणि हसून सांगायचे, घरी जाऊनच पाहतो.

कमलनं विचारलं, "अन् आतला बाहेर कसा निंघे?"

"लई विचार करून."

*

पुढचा किस्सा सांगताना मी स्वतःच हरवतो.

सोयाबीनच्या एका व्यापाऱ्यानं बाथरूमच्या जमिनीला काळी चकचकीत टाइल लावून घेतली. मी सांगून पाहिलं, खाली खरखरीत घ्या, चकचकीत भिंतीला शोभते. ऐकतो कोण? उत्तमनं जीव ओतून बसवली. काम संपल्यावर फडक्यानं पुसली आणि आम्ही तिघं दारात उभे राहिलो. वरच्या झरोक्यातलं आभाळ खाली पडलं होतं. ढग एका टाइलमधून निघायचा, सांध्यापाशी जरा अडायचा, पुढच्या टाइलमध्ये जायचा. एक घार आली, चार टाइल्स ओलांडून गेली. किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. आम्ही तिघं एकाच वेळी गप्प असल्याची दारव्ह्यातली ती एकमेव दुपार.

व्यापाऱ्याचे म्हातारे वडील आले. त्यांनी दारातून आत पाहिलं, चपला काढल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि आम्हाला विचारलं, "कितीक खोल हाय?"

त्यानंतर आठ दिवसांत घरातले तीन जण घसरले. शेवटी लेकानं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रबरी चटया अंथरल्या. ती टाइल पुन्हा कोणी पाहिली नाही. आभाळ आहे तिथंच, चटईखाली.

किस्सा संपवून मी कमलकडे वळलो. मला वाटलं झोपली. पाहिलं तर डोळे उघडे होते आणि ती न्हाणीकडे बघत होती.

*

उत्तमच्या स्वतःच्या घरचा किस्सा त्यानं सांगू नको म्हटलंय, म्हणून थोडक्यात सांगतो.

नवं बाथरूम झालं, बायकोला साबणदाणी हवी होती. उत्तमनं ड्रिल लावलं आणि नेमका भिंतीतल्या पाइपात घातलं. टाइल बसायच्या आधी पाइपांचा एक फोटो काढायचा असतो, तो काढला नव्हता. पाणी बंद करायला टाकीखाली वॉल्व्ह असायला हवा होता, तोही राहून गेला होता. उत्तमनं भोकावर अंगठा दाबला आणि बायकोला म्हणाला, मिस्त्रीले फोन लाव.

मी करीमभाईंना फोन केला. आता त्याच आठवड्यात मी त्यांना तीनदा फसवलं होतं. ते म्हणाले, "मिस्त्री, आज मी येत नसतो," आणि फोन ठेवला. मी शपथ घातली, ते हसले. मी रडवेला झालो, ते म्हणाले आवाज मस्त काढता. शेवटी मी सायकल काढून त्यांच्या घरी गेलो. सायकलवर मला पाहिल्यावर त्यांना पटलं, कारण गंमत करायला मी एवढे कष्ट घेत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दीड तास झाला होता. उत्तम भिंतीला अंगठा लावून उभा, आणि बायको त्याला घास घास पोहे भरवत होती. घाईनं पाना काढणाऱ्या करीमभाईंना ती म्हणाली, "असू द्या भाऊ, सावकाश. लग्न झाल्यापासून पयल्यांदाच एका जागी उभे राह्यले."

*

प्लास्टर निघालं. दुसऱ्याच सकाळी कमल खांद्यावर लुगडं टाकून न्हाणीकडे निघाली. बरा हात तट्ट्याला, आजारी हात पोटाशी, आणि पाय त्या शेवाळलेल्या दगडावर. मी ओसरीत उभा होतो. लोकांच्या छपरांवरून चालताना मला कधी भीती वाटली नाही. त्या सकाळी तिचा पाय नीट टेकेपर्यंत मी ओसरीचा खांब धरून होतो.

ती न्हाऊन आल्यावर मी गंमत केली नाही. खाली बसलो आणि विचारलं, "तुले बाथरूम काहून नाई पाह्यजे?"

तिनं केस झटकले. म्हणाली, "आत बसून पाहू काय मी? भिंत?" मग अंगणातल्या पपईकडे बोट करून म्हणाली, "इथं माहं पाणी पपईले जाते. मी पाहात असते. आधी मातीत जिरते, मग सरकते, मग बुडाशी जाते. तेवढाच एक वेळ मले कोणी हाक मारत नाई."

संसाराला इतकी वर्षं झाली, मला वाटायचं ती आंघोळ करते.

दुसऱ्या दिवशी करीमभाई आणि उत्तम आले. ओसरीच्या मागच्या बाजूला, पपईच्या अंगाला, जागा धरली. टाइल खरखरीत घेतली, दार बाहेर उघडणारं, धरायला भिंतीत दांडी, टाकीखाली वॉल्व्ह. सांडपाण्याचा पाइप करीमभाई नालीकडे नेत होते, तो मी पपईकडे वळवला. मग कमलला स्टुलावर बसवलं. फोटो काढायचा असल्यासारखी ती ताठ बसली. तिच्या डोळ्यांच्या रेघेत मी भिंतीवर पेन्सिल मारली आणि म्हटलं, खिडकी इथं.

उत्तम म्हणाला, "भाऊ, खिडकी डोक्याच्या वर असते. एवढ्या खाली कोणी करते का? बाहेरून दिसन ना सारं."

मी लाकडी झडपा आणल्या, बाहेरच्या अंगाला खाली कललेल्या. आतून बसल्या माणसाला बाहेरची जमीन दिसावी, बाहेर उभ्या माणसाला नुसत्या फळ्या. करीमभाईंनी मान हलवली. कमलचं हो नाही, नाही नाही. काम संपलं, बादली ओतून पाहिली, सिमेंट धरलं, तरी चार दिवस ती दगडावरच गेली.

पाचव्या सकाळी मी दाढी करत होतो. कमल लुगडं घेऊन निघाली, न्हाणीच्या वाटेवर थांबली आणि वळून बाथरूममध्ये शिरली. कडी लागली. मी गालाला साबण तसाच ठेवून बाहेर स्टुलावर बसलो. आत पाण्याचा आवाज नाही. बऱ्याच वेळानं हाक आली, "अवो, जरा मांगं जाऊन उभे राहा बरं खिडकीपाशी. दिसते का काई ते सांगा."

मी मागे गेलो. पपईसमोर उभा राहिलो, झडपांना नाक लावलं, डोळे बारीक केले. फळ्याच फळ्या.

"काई दिसत नाई," मी म्हटलं.

"नक्की?"

"तुही शपथ."

झडपांतून तांब्याभर पाणी आलं आणि माझ्या छातीवर बसलं. बनियन, लुंगी, सगळं ओलं. साबण मात्र कोरडाच. मी तसाच निथळत उभा. आतून बादलीत नळ सुटल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ कमलचा, अगदी शांत.

"बाजूले सरा आता. पपई झाकली तुमी."