देवाला सोडलेलं

मुलगा चार महिन्यांचा असताना रात्रंदिवस रडायचा. इंग्लंडमध्ये, रीडिंगच्या भाड्याच्या घरात झोप म्हणजे काय ते मी विसरले होते. जीपी, म्हणजे तिथले फॅमिली डॉक्टर, म्हणायचे, "परफेक्टली हेल्दी बेबी." साताऱ्याहून बाळंतपणाला आलेल्या आईला ते पटत नव्हतं. मला तर कोणाचंच काही पटत नव्हतं, डोकं सतत तापलेलं.

एका रविवारी दुपारी आम्ही बेसिंगस्टोकच्या वाटेवरचं उजाड रोमन गाव बघायला गेलो. गाव कसलं, एक भिंत आणि आत नुसतं गवत. एक म्हातारे इंग्लिश गृहस्थ हौसेने माहिती देत होते. गवतातला एक चौकोन दाखवून म्हणाले, हे देऊळ. रोमन लोकांत देवाच्या वस्तूला जो शब्द, तोच शापित माणसाला: साकेर. दोन्ही माणसांतून उठलेले. वस्तू परत घ्यायची नाही, आणि तशा माणसाला कोणी मारलं तरी तो खून धरायचा नाही.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"देवाला सोडलेलं," मी म्हटलं. याहून नेमका शब्द मला सुचला नाही. माझ्या आजोळी देवाला सोडलेला वळू होता. त्याला कोणी बांधत नसे, हाकलत नसे. तो विहिरीत पडून मेला तेव्हा कोणी हळहळलंही नाही.

मी दुधाची बाटली आणायला गाडीकडे गेले. परतले तर बाळ त्या चौकोनात, गवतावर. आई हात जोडून उभी. आपल्याकडे मूल देवाच्या पायावर घालतात आणि उचलून घेतात, तसंच तिने केलं होतं. बाळ रडत नव्हतं. आईच्या डोक्यावरून पलीकडे टक लावून बघत होतं. मी तिकडे पाहिलं, कोणी नव्हतं.

"आई, उचल त्याला!"

"थांब गं. देवाकडून मागून घ्यायचा असतो."

ती थांबली. बराच वेळ. मग उचलला.

त्या रात्रीपासून तो शांत झोपू लागला. मीच उठून त्याच्या नाकापुढे बोट धरून बघायची. आई परत निघाली तेव्हा एअरपोर्टवर मी विचारलंच, "तू मागितलंस, तेव्हा काय झालं?"

"काही बोलला नाही तिथला देव," आईने पदर सावरला. "पण किती वेळ उभी राहणार? गवत ओलं होतं, पोराला सर्दी झाली असती. घेतला उचलून."

आता तो माझ्याहून उंच झालाय. "मुलगा तुमचा का?" असं कोणी सहज विचारलं, की मी हो म्हणण्याआधी त्याच्याकडे बघून घेते.