पायडलची पावलं

टेलरमास्तर आयुष्यभर बसून होते आणि त्याबद्दल त्यांना कुणी कधी नावं ठेवली नव्हती. शिवणाऱ्यानं बसायचंच असतं. चालायचं काम बायकोकडे होतं. ती सकाळी मापाची टेप गळ्यात अडकवून बाहेर पडायची, घरोघर मापं घ्यायची, तयार कपडे पोचवायची आणि येताना साऱ्या गल्लीच्या बातम्या घेऊन यायची. "तुम्हाला पाय दिलेत ते फक्त पायडल मारायला," म्हणायची. संध्याकाळी एकदा तरी विचारायची, "येता का जरा कोपऱ्यापर्यंत?" मास्तर मान वर न करता म्हणायचे, "एवढी बाही लावतो नि येतो." लग्नाला चौदा वर्षं झाली तरी ती बाही काही लावून झाली नाही.

आठ महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. चौथ्या दिवशी मास्तरांनी मशीनवरचं फडकं काढलं आणि शिवायला बसले. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे या माणसाचं. लोकांचं काय जातं बोलायला! मास्तरांना काही वाटतच नव्हतं, एवढीच गोष्ट होती. शेजारच्या काकू डबा पाठवायच्या. मीठ आहे की नाही ते पोरीनं सांगायचं. एकदा सुई बोटातून आरपार गेली. त्यांनी आधी पांढरा सदरा बाजूला सरकवला, डाग पडू नये म्हणून, आणि मग बोटाकडे बघितलं. दुखलंच नाही.

पोरगी चौथीत होती. एका जागी कधी दिसायची नाही म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. आईबरोबर कपड्यांची पिशवी धरून तिनं सगळा भाग पालथा घातला होता. आता शाळेतून आली की ती दुकानाच्या फळीवर बसायची आणि बापाला बटणं निवडून द्यायची. पहिल्या पहिल्यांदा तिनं विचारून पाहिलं होतं, "बाबा, बाहेर जाऊया?" मास्तर म्हणाले, "उद्या." असे बरेच उद्या झाल्यावर तिनं विचारणं सोडलं.

तर त्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. गळ्यात शिट्टी, आणि उभ्या उभ्या बोलतानाही टाचा वरखाली चाललेल्या. नुसत्या मुलांना पळवून उपयोग नाही, अख्खं घर घराबाहेर निघालं पाहिजे, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. त्यांनी प्रत्येक घराला पावलं मोजायची दोन छोटी यंत्रं दिली, एक मुलासाठी, एक मोठ्या माणसासाठी. दर शनिवारी ती बाईंना दाखवायची आणि दोन्हींची बेरीज तक्त्यावर लागायची.

"बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही," बाई म्हणाल्या. "पण ज्यांचा आकडा सगळ्यात कमी, त्यांच्या घरी मी येणार. पुढचा आठवडाभर, रोज संध्याकाळी. सगळ्यांना चपला घालायला लावणार आणि फिरायला नेणार. दार उघडलं नाही तर शिट्टी फुंकणार!"

वर्ग हसला. खारूताई हसली नाही. तिनं हात वर केला. "बाई, घरातलं माणूस नाहीच म्हणालं तर?"

"मला आजवर कुणी नाही म्हणालेलं नाही," बाई म्हणाल्या.

पोरीनं ते वाक्य घरापर्यंत जपून आणलं. तिचा बेत साधा होता. बाबा तर हलतच नाहीत. आपणही आठवडाभर यंत्र लावायचं नाही. म्हणजे तक्त्यावर आपण तळाला, आणि सोमवारी बाई दारात. तिनं आपलं यंत्र बंद करून पेन्सिलींच्या डबीत टाकून दिलं.

बापाचं यंत्र मात्र लावणं भाग होतं, कारण यंत्राबरोबर आलेल्या चिठ्ठीवर ते लावल्याबद्दल पालकांची सही हवी होती. "कमरेला नाहीतर घोट्याला बांधायचं," ती म्हणाली.

"घोट्याला बांध. कमरेला टोचेल," मास्तर म्हणाले आणि न बघताच उजवा पाय पुढे केला. बांधून झाल्यावर तो पाय परत पायडलवर गेला. दिवस गणवेशांचे होते. दुकानात निळ्या चड्ड्यांची रास लागली होती.

शनिवारी बाईंनी यंत्र हातात घेतलं, आकडा वाचला, पुन्हा वाचला. एक लाख बासष्ट हजार. दुसऱ्या नंबरावरच्या घराच्या दुप्पट. खारूताईला क्षणभर काही कळेना आणि मग सगळंच कळलं. खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात वर्गानं टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी दुपारी बाई दुकानात आल्या. पोरगी फळीवरून उडी मारून उभी राहिली. वेडी आशा हो, दुसरं काय.

"मास्तर, अभिनंदन करायला आले," बाई म्हणाल्या. "पोरीचं यंत्र बंद पडलेलं दिसतंय, एकही पाऊल नाही त्यात. पण तुम्ही एकट्यानं कमाल केलीत! तुमच्याकडे मला यायची गरजच नाही. मी आता बेकरीवाल्यांकडे निघाले, त्यांचा आकडा सगळ्यात कमी. सोमवारपासून त्यांना हलवायचंय."

मास्तरांनी मान डोलावली. बाई टपटप पावलं टाकत निघून गेल्या.

"मी कधी चाललो?" मास्तर म्हणाले. त्यांनी खाली बघितलं. पाय पायडलवर होता आणि घोट्याला यंत्र होतं. "हात्तिच्या! ही तर मशीनची पावलं. तू सांगितलं का नाहीस त्यांना? आणि तुझं यंत्र कुठंय?"

पोरीनं पेन्सिलींची डबी आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"मी मुद्दाम नाही लावलं. आपला आकडा कमी आला असता तर बाई आल्या असत्या. माझं तुम्ही ऐकत नाही. बाईंचं ऐकलं असतं." तिनं डबीचं झाकण दाबून लावलं. "आई नाहीये, तर मग मी कुणाबरोबर जायचं?"

मास्तरांच्या तोंडात ठरलेलं उत्तर आलंच होतं. "एवढी बाही," ते म्हणाले, आणि थांबले. हे शब्द आपण कुणाला म्हणायचो ते त्यांना आठवलं. मग त्यांनी मशीनच्या चाकावरचा पट्टा उतरवला आणि खिळ्याला टांगला. रात्र सोडून तो पट्टा त्यांनी कधी उतरवलेला नव्हता.

दोघं निघाली. वाट पोरीलाच ठाऊक होती, ती पुढे झाली. या जिन्यात आई दम खायची. या दारातल्या आजी माप देताना पोट आत घ्यायच्या, मग आई दोन बोटं जास्त धरायची. मास्तरांनी त्या आजींचे कपडे वर्षानुवर्षं शिवले होते. दोन बोटं जास्तीची आहेत हे त्यांना आज कळत होतं. ते ऐकत होते, हूं हूं करत होते, आत काही हलत नव्हतं. परतीच्या चढावर मात्र त्यांची पोटरी आवळून आली. ते एका कठड्यावर मटकन बसले आणि पाय दोन्ही हातांनी धरला.

"दुखतंय गं," ते म्हणाले. "फार दुखतंय." आणि आठ महिने न आलेलं रडू त्यांना भर रस्त्यात आलं. पोरगी शेजारी बसून त्यांची पोटरी चोळत राहिली.

पुढच्या आठवड्यात यंत्र मशीनवर बसताना खुंटीला असायचं आणि बाहेर निघताना घोट्याला. शनिवारी दोघांची मिळून बेरीज झाली सदतीस हजार, आणि टेलरमास्तरांचं घर तक्त्याच्या तळाला गेलं.

सोमवारी संध्याकाळी बाई दारात हजर. "असं कसं झालं हो, मास्तर? इतका आकडा घसरला?"

मास्तर उंबऱ्यावर बसून चपला घालत होते. "या बाई, चला आमच्याबरोबर," ते म्हणाले. "फक्त जरा हळू चाला. माझे पाय दुखतात."